खेळाची संहिता : आर्केड व्हिडिओ गेम, चित्रफीत आणि पाठचिकित्सेचा प्रश्न

१

मुद्रित साहित्यकृतीचा अभ्यास करणाऱ्याला एक सोय फारसा विचार न करता लाभलेली असते. ज्या वस्तूविषयी आपण बोलतो ती वस्तू वाचकालाही उपलब्ध आहे आणि आपल्या विधानाचा पडताळा तो त्या वस्तूत घेऊ शकतो, हे गृहीत धरून आपण लिहितो. पृष्ठक्रमांक देण्याची प्रथा ह्या गृहीतकावरच उभी आहे. नाटक, कीर्तन, तमाशा ह्यांसारख्या प्रयोगरूप कलांच्या बाबतीत ही सोय अपुरी पडते. तेव्हा आपण संहिता आणि प्रयोग असा भेद करून वाट काढतो. संहिता टिकते, प्रयोग विरून जातो, आणि समीक्षा बहुधा टिकणाऱ्या गोष्टीविषयी बोलते. व्हिडिओ गेम हा कलाप्रकार मात्र ह्या दोन्ही व्यवस्थांत नीट बसत नाही. त्याची एक संहिता असते, परंतु ती वाचता येत नाही. त्याचा प्रयोग असतो, परंतु तो करणारा हाच त्याचा प्रेक्षकही असतो.

हा प्रश्न माझ्यापुढे केवळ तात्त्विक पातळीवर आला नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेच्या मौखिक परीक्षेस मी परीक्षक म्हणून उपस्थित होतो. जुन्या आर्केड खेळांतील कथनाचे स्वरूप हा तिचा विषय होता. आपल्या विवेचनाला आधार म्हणून तिने इंटरनेटवरील काही चित्रफितींचे दुवे दिले होते. प्रबंधिका सादर होणे आणि परीक्षा होणे ह्यांमध्ये काही महिने गेले, आणि तेवढ्या काळात त्यांतील तीन चित्रफिती काढून टाकण्यात आल्या होत्या. विद्यार्थिनीजवळ त्यांच्या प्रती नव्हत्या. त्या उतरवून घेणे नियमबाह्य असल्याचे तिला सांगण्यात आले होते. तिचे विश्लेषण मला पटले होते, परंतु ते कशाचे विश्लेषण आहे हे आता कोणालाच दाखवता येत नव्हते. तिचे गुण कमी झाले.

त्या प्रसंगी दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले असे आज वाटते. पहिला, खेळाची चित्रफीत म्हणजे खेळ आहे काय? दुसरा, ती चित्रफीत जतन करून ठेवण्याचा अधिकार अभ्यासकाला आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचे महत्त्व कळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम खेळाच्या संहितेचा विचार केला आहे, आणि नंतर ऑनलाइन चित्रफिती उतरवून घेणाऱ्या साधनांचा.

२

चित्रफीत म्हणजेच खेळ, असे उत्तर एका न्यायालयाने फार पूर्वी दिलेले आहे. कोनामी ह्या जपानी कंपनीचा ‘स्क्रॅम्बल’ हा खेळ १९८१ साली आला. अमेरिकेतील त्याचे हक्क स्टर्न इलेक्ट्रॉनिक्सकडे होते. लेखाधिकाराची नोंदणी करताना स्टर्नने खेळाचा प्रोग्राम सादर केला नाही. खेळाची चित्रफीत सादर केली. तिच्यात यंत्र रिकामे असताना गिऱ्हाइकाला आकर्षित करण्यासाठी चालणारी दृश्ये होती आणि प्रत्यक्ष खेळाची दृश्येही होती. असे करण्यामागे व्यावहारिक कारण होते. प्रतिस्पर्ध्याने अगदी निराळा प्रोग्राम लिहून हुबेहूब तीच दृश्ये पडद्यावर आणली, तर प्रोग्रामवरील हक्क निरुपयोगी ठरला असता. पुढे झालेल्या खटल्यात प्रतिवादीचा युक्तिवाद असा होता की खेळाडूगणिक आणि खेळीगणिक दृश्ये बदलतात, म्हणून येथे स्थिर अशी कृतीच नाही. १९८२ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. खेळाडूच्या सहभागाने तपशील बदलत असले तरी दृश्यांचा आणि ध्वनींचा मोठा भाग त्याच क्रमाने पुनःपुन्हा येतो, आणि तो यंत्राच्या स्मृतीत कायम स्वरूपात असतो, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मिडवे आणि आर्टिक ह्यांच्यातील दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने खेळाडूची तुलना कादंबरी लिहिणाऱ्याशी न करता दूरचित्रवाणीची वाहिनी बदलणाऱ्याशी केली.

हे निर्णय व्यापाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहेत. साहित्यसिद्धान्ताच्या दृष्टीने मात्र त्यांत एक लक्षणीय भूमिका दडलेली आहे. कृती ही ग्राहकाच्या आधी पूर्ण झालेली असते, ग्राहक तिच्यातील उपलब्ध पर्यायांपैकी एक उघडतो, आणि म्हणून त्यांपैकी कोणताही एक प्रत्यय कृतीचा नमुना म्हणून चालतो, अशी ही भूमिका आहे. रोलाँ बार्थने १९७१ सालीच ‘कृती’ आणि ‘संहिता’ ह्यांत भेद केला होता, आणि संहिता ही वाचकाच्या क्रियेतच अनुभवाला येते असे मांडले होते. एस्पेन आर्सेथने १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ ह्या ग्रंथात ह्याही पुढे जाऊन, ज्या संहितेत पुढे जाण्यासाठी वाचकाला पान उलटण्यापलीकडचे काही श्रम करावे लागतात, तिचा स्वतंत्र वर्ग कल्पिला. ह्या दोघांच्या मांडणीशी तुलना करता न्यायालयाची भूमिका जुन्या वळणाची दिसते. परंतु आजचा अभ्यासक, तो कितीही नव्या वळणाचा असला, तरी व्यवहारात न्यायालयाचेच अनुकरण करतो. तो खेळाची चित्रफीत पाहतो आणि खेळाविषयी लिहितो. ह्या विसंगतीचा विचार आपण केलेला नाही.

३

चित्रफितीत काय येत नाही, हे उदाहरणांनीच स्पष्ट होईल.

तोमोहिरो निशिकादो ह्यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तैतो कंपनीने १९७८ साली बाजारात आणला. पडद्यावर अकरा-अकराच्या पाच रांगांत पंचावन्न आक्रमक असतात. ते आडवे सरकत, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरत, खेळाडूच्या दिशेने येत राहतात. जसजसे ते मारले जातात तसतसे उरलेले अधिक वेगाने चालू लागतात, आणि त्यांच्या पावलांशी जोडलेला चार स्वरांचा ठेकाही जलद होतो. हा वेग योजून आणलेला नव्हता. यंत्रातील प्रोसेसरला पंचावन्न आकृत्या हलवायला वेळ लागे, आणि आकृत्या कमी झाल्या की तेच काम लवकर उरकत असे. निशिकादोंनी हा परिणाम पाहिला आणि तो तसाच ठेवला. मर्ढेकरांनी लयीची जी तत्त्वे सांगितली, त्यांपैकी विरोधाचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. खेळाडू यशस्वी होतो तसा तो अधिक संकटात सापडतो. परंतु ही लय चित्रकाराने किंवा संगीतकाराने रचलेली नाही. ती यंत्राची मर्यादा आणि खेळाडूची कृती ह्यांच्या संयोगातून उत्पन्न होते. चित्रफितीत वेग वाढलेला दिसतो. तो आपल्या कृतीमुळे वाढला, ही जाणीव दिसत नाही.

तोरु इवातानी ह्यांचा ‘पॅक-मॅन’ (नामको, १९८०) हे आणखी बोलके उदाहरण आहे. चक्रव्यूहात २४४ ठिपके खात फिरणारी पिवळी आकृती आणि तिचा पाठलाग करणारी चार भुते, एवढाच त्याचा पसारा. पाहणाऱ्याला वाटते की भुते अंदाधुंद धावत आहेत. वस्तुतः प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. जपानी आवृत्तीत त्यांना स्वभावदर्शक नावेच दिलेली होती. एक पाठलाग करणारे, दुसरे दबा धरून बसणारे, तिसरे लहरी, चौथे वेड पांघरणारे. लाल भूत खेळाडू जेथे आहे तेथे येते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडासमोर चार घरे पुढची जागा धरते. खेळाडू वर जात असेल तर मात्र गणितातील एका चुकीमुळे ते चार घरे वर आणि चार घरे डावीकडे, अशी जागा धरते. निळे भूत लाल भुताच्या स्थानावरून आपले लक्ष्य ठरवते. नारिंगी भूत दुरून चालून येते आणि आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. ह्या वर्तनात यदृच्छेला जवळजवळ स्थान नाही. त्याच क्रमाने त्याच खेळी केल्या तर भुतेही त्याच वाटांनी येतात. म्हणूनच खेळाडूंनी पाठ करता येतील असे मार्ग शोधून काढले.

पात्रस्वभावाची ही जी रचना आहे ती संहितेत आहे, पण पडद्यावर कोठेही लिहिलेली नाही. एक चित्रफीत पाहून गुलाबी भुताची ती चूक कळणार नाही. ती कळण्यासाठी एकतर शेकडो वेळा खेळावे लागते किंवा चिपमधील प्रोग्राम उलगडून वाचावा लागतो. इझरच्या परिभाषेत सांगायचे तर वाचकाने भरायच्या रिकाम्या जागा येथे आहेत, परंतु त्या भरल्या न जाण्याची किंमत खेळाडूला एक जीव गमावून लगेच मोजावी लागते.

संहिता आणि प्रत्यय ह्यांतील हे अंतर शेवटाच्या बाबतीत अधिकच ठळक होते. ‘पॅक-मॅन’ला शेवट योजलेला नाही. मात्र लेव्हलचा आकडा ज्या जागेत साठवला जातो तिथे २५५ पर्यंतचेच आकडे मावतात. २५६व्या लेव्हलला हा हिशेब कोलमडतो, खाली फळे काढणारा क्रम भरकटतो, आणि पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात अक्षरांचा व तुकड्यांचा खच पडतो. लेव्हल पूर्ण करण्यास लागणारे ठिपके तेथे मिळतच नाहीत. निन्तेन्दोच्या ‘डाँकी काँग’मध्ये (१९८१) असाच अंत बाविसाव्या लेव्हलला येतो. लेव्हलच्या आकड्यात चार मिळवून दहाने गुणण्याचा हिशेब २६० वर जातो, जागेत न मावल्याने चारच उरतात, आणि खेळाडूला पडदा पार करण्यास पुरेल इतका वेळ मिळत नाही. कर्त्याने न लिहिलेला हा शेवट संहितेचा भाग मानायचा की नाही? मी मानतो, कारण तो प्रत्येक प्रतीत त्याच ठिकाणी येतो. आणि येथे चित्रफितीची बाजूही मांडली पाहिजे. हा शेवट फार थोड्या खेळाडूंनी स्वतः गाठलेला आहे. बाकीच्या सर्वांना तो चित्रफितीमुळेच माहीत आहे. चित्रफीत खेळाची संहिता नसली, तरी संहितेच्या काही भागांपर्यंत जाण्याची सामान्य अभ्यासकाला ती एकमेव वाट असते.

४

आता संहितेकडेच वळू. ती एक असते काय?

आर्केड यंत्राच्या आत मालकाने फिरवायच्या काही छोट्या कळा असत. ‘पॅक-मॅन’मध्ये खेळाडूला एक, दोन, तीन की पाच जीव द्यायचे, आणि जादा जीव किती गुणांवर द्यायचा, हे त्या कळांनी ठरे. म्हणजे दोन गावांतील दोन यंत्रांवर एकाच नावाचा खेळ दोन भिन्न पाठांत चालू असे. त्याशिवाय नक्कल केलेले सर्किट-बोर्ड होते, वेग वाढवणारे जोडबोर्ड होते. मिडवेच्या वर उल्लेखिलेल्या खटल्याचे एक कारण ‘गॅलेक्सियन’चा वेग वाढवणारा असा बोर्डच होता.

ह्या व्यवहारातील सर्वांत उद्बोधक प्रकरण ‘मिस पॅक-मॅन’चे आहे. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ह्या अमेरिकेतील तरुणांच्या कंपनीने ‘पॅक-मॅन’च्या यंत्रात बसवण्यासाठी एक सुधारित संच तयार केला. त्याचे नाव ‘क्रेझी ऑटो’. त्यात नवे चक्रव्यूह होते, आणि पाठ केलेले मार्ग निरुपयोगी व्हावेत म्हणून भुतांच्या हालचालीत यदृच्छा आणली होती. पाठचिकित्सेच्या भाषेत हा सरळ प्रक्षेप होय. परंतु मिडवेने तो स्वीकारला, नायिकेला फीत बांधली, आणि १९८२ मध्ये तो अधिकृत खेळ म्हणून बाजारात आणला. पुढे अनेकांना तो मूळ खेळापेक्षा सरस वाटला. क्षेपक प्रमाण ठरल्याचे हे उदाहरण आपल्याला अपरिचित वाटू नये. पाठ शुद्ध करण्याची गरज आपल्या परंपरेनेही फार पूर्वी ओळखली होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठभेदांच्या गर्दीमुळेच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत सुकथनकरांनी स्वीकारलेली पद्धत तर येथे विशेष उपयोगी आहे. प्रक्षिप्त ठरलेला भाग त्यांनी फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला.

महाराष्ट्रातील माझ्या पिढीने हे खेळ पाहिले ते १९९०च्या दशकात, एस.टी. स्थानकाजवळच्या किंवा बाजारपेठेतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) हा मार्क शुल्ट्झच्या चित्रकथामालेवरून केलेला खेळ भारतात त्याच्या नावाने फारसा ओळखला गेलाच नाही. चार नायकांपैकी एकाच्या नावावरून आपण त्याला ‘मुस्तफा’ म्हणत आलो. कोणत्या बोर्डवर, कोणत्या पाठात आपण तो खेळलो, हे आज कोणी सांगू शकणार नाही. ग्राहकसमूहाने कृतीचे नाव बदलले, नायक निवडला, आणि चित्रकथेचा संदर्भ गळून पडला. स्वीकृतीच्या इतिहासाचा हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि त्यावर मराठीत लिहिले जावे असे मला वाटते. परंतु त्यासाठी वस्तू हाताशी हवी, आणि येथे अडचण आहे. ह्याच खेळाच्या मूळ बोर्डवर बॅटरीच्या आधारे टिकणारी एक गुप्त किल्ली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि प्रोग्राम उलगडेनासा होतो. नक्कल रोखण्यासाठी केलेल्या ह्या योजनेमुळे मूळ प्रतच स्वतःचा नाश करते.

ही वस्तुस्थिती लक्षात घेतली म्हणजे मेम ह्या प्रकल्पाचे महत्त्व कळते. निकोला साल्मोरिया ह्यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या यंत्राचे वर्तन आजच्या संगणकावर जसेच्या तसे घडवून आणणारा हा प्रोग्राम आहे. आपला हेतू यंत्रांची नोंद करणे हा असून खेळता येणे हा त्या नोंदीच्या अचूकतेचा पुरावा आहे, अशी त्याच्या कर्त्यांची भूमिका राहिली आहे. त्यात प्रत्येक खेळाचा एक मुख्य संच आणि त्याचे उपसंच अशी मांडणी असते. जपानी ‘पक-मॅन’ हा मुख्य, तर अमेरिकेतील ‘पॅक-मॅन’ आणि अनेक अनधिकृत नकला हे त्याचे उपसंच. प्रत्येक चिपमधील मजकुराची गणिती ओळखखूण नोंदलेली असते, त्यामुळे एक अक्षर बदलले तरी कळते. ही चिकित्सित आवृत्तीच आहे. ती विद्यापीठांनी किंवा कंपन्यांनी केली नाही. छंद म्हणून काम करणाऱ्यांनी केली, हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे.

तरीही मेमची प्रत म्हणजे मूळ वस्तू नव्हे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या एका प्रकारच्या पेटीत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून रंगाचा भास केलेला होता, आणि आरशाच्या साह्याने प्रतिमा चंद्रभूमीच्या रंगवलेल्या चित्रावर पाडली जात असे. अटारीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये (१९७९) किरण थेट रेषा काढत असे, त्या गोळीच्या ठिपक्याची झळाळी ठिपक्यांच्या जाळीने बनणाऱ्या आजच्या पडद्यावर येत नाही. चिपमधील मजकूर तेवढी संहिता मानली, तर हे सारे संहितेबाहेर पडते.

५

आता चित्रफितीकडे परत येऊ. ती संहिता नाही. मग ती काय आहे? ती एका वाचनाची नोंद आहे. आणि नोंद म्हणून तिचीही पाठचिकित्सा करावी लागते.

मेममध्ये खेळाची नोंद आणखी एका प्रकारे ठेवता येते. खेळाडूने कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली, एवढेच त्यात साठवले जाते, आणि प्रोग्रामच्या त्याच आवृत्तीत ती नोंद पुन्हा चालवली की पूर्ण खेळी नव्याने घडते. ही नोंद संहितेशिवाय निरर्थक असते. चित्रफीत संहितेशिवाय पाहता येते. परंतु त्यासाठी तिला बरेच काही टाकून द्यावे लागते. इंटरनेटवर पाठवण्यासाठी चित्रफीत आकसून लहान केली जाते. प्रत्येक फ्रेम पूर्ण न साठवता मागच्यापुढच्या फ्रेमांतील फरक तेवढा साठवला जातो, आणि रंगाचे तपशील उजेडाच्या तपशिलांपेक्षा कमी ठेवले जातात. जुने खेळ सेकंदाला सुमारे साठ फ्रेमा दाखवत. यूट्यूबवर मात्र २०१४ पर्यंत तिसांपेक्षा जास्त चालत नसत. एक फ्रेम सोडून एक फ्रेम दिसणारी लुकलुकती आकृती खेळाडूला अर्धपारदर्शक भासते. अशा चित्रफितीत तीच आकृती एकतर पूर्ण ठोस दिसते किंवा अजिबात दिसत नाही. त्या काळातील चित्रफीत पाहून कोणी ‘येथे सावली नाही’ असे लिहिले, तर ते विधान खेळाविषयीचे नसून प्रतीविषयीचे असते. लेखनिकाचा प्रमाद कर्त्याच्या माथी मारण्याचाच हा प्रकार आहे.

नोंदीच्या चिकित्सेला केवढे महत्त्व येऊ शकते, हे ‘डाँकी काँग’च्या वादातून दिसले. ‘द किंग ऑफ काँग’ (२००७) ह्या माहितीपटामुळे प्रसिद्ध झालेले बिली मिचेल ह्यांचे काही उच्चांक चित्रफितींच्या आधारे नोंदले गेले होते. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना तुळया कोणत्या क्रमाने उमटतात ह्याकडे लक्ष वेधून, त्या फिती मूळ बोर्डवरच्या नसाव्यात असा आक्षेप घेण्यात आला. एप्रिल २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज ह्या संस्थेने दोन फिती मूळ, न बदललेल्या बोर्डवरून आलेल्या नाहीत असा निष्कर्ष काढून त्यांचे उच्चांक रद्द केले. मिचेल ह्यांनी आरोप सातत्याने नाकारला. २०२० मध्ये गिनेसने त्यांचे विक्रम पुन्हा मान्य केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्विन गॅलक्सीजशी तडजोड होऊन ते जुन्या नोंदींच्या संग्रहात परत घेतले गेले. येथे कोणाची बाजू बरोबर हे ठरवण्याचा हेतू नाही. दोन्ही पक्षांचा युक्तिवाद फ्रेमगणिक तपासणीवर अवलंबून होता, एवढे नोंदवायचे आहे. ज्याच्याजवळ फीत नाही त्याला त्या वादात मत असू शकत नव्हते.

६

फीत जवळ असणे, हाच मग कळीचा मुद्दा ठरतो.

ऑनलाइन चित्रफीत ही एक सलग वस्तू नसते. दृश्य आणि ध्वनी ह्यांचे वेगवेगळे प्रवाह, प्रत्येकाच्या कमीअधिक दर्जाच्या अनेक प्रती, आणि प्रत्येक प्रत लहान लहान तुकड्यांत, अशी ती असते. ब्राउझर एक यादी वाचतो, जोडणीच्या वेगानुसार प्रती निवडतो आणि तुकडे मागवतो. म्हणजे एकच दुवा उघडणारे दोन वाचक दोन भिन्न प्रती पाहत असू शकतात. यूट्यूब-डीएल हे २००६ साली सुरू झालेले मुक्त साधन तीच यादी वाचते, उपलब्ध प्रती दाखवते, निवडलेल्या प्रतीचे तुकडे आणून एकत्र करते. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही की कोणती प्रत घेतली हे त्याला ठाऊक असते.

२३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने नोटीस दिली आणि गिटहबने हे साधन हटवले. संरक्षणव्यवस्था ओलांडण्यासाठी ते आहे, असा संघटनेचा आक्षेप होता. त्याच्या चाचण्यांत काही प्रसिद्ध गीतांचे दुवे दिलेले होते, हा त्याचा पुरावा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने उत्तर दिले की यूट्यूब प्रत्येक ब्राउझरला जो प्रोग्राम पाठवते तोच हे साधन चालवते, कोणतेही कुलूप तोडत नाही. १६ नोव्हेंबरला गिटहबने ते परत उपलब्ध केले. मात्र २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या एका न्यायालयाने ह्या साधनाचे संकेतस्थळ ठेवणाऱ्या सेवेविरुद्ध निर्णय दिला. दरम्यान २०२१ पासून वायटी-डीएलपी ही त्याची शाखा अधिक वापरात आली आहे.

हक्कधारकांची बाजू हलकी मानून चालणार नाही. ह्याच साधनाने गाणी आणि चित्रपट फुकट उतरवले जातात हे खरे आहे, आणि गायकाच्या किंवा खेळ खेळून दाखवणाऱ्याच्या उत्पन्नाचा त्यात प्रश्न आहे. यूट्यूबच्या अटींनुसार परवानगीशिवाय चित्रफीत उतरवणे निषिद्ध आहे. परंतु सेवेची अट आणि कायदा ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५२ खाजगी वापर, संशोधन, समीक्षा आणि परीक्षण ह्यांसाठी न्याय्य वापराची मुभा देते. ह्या मुभेतून संगणक प्रोग्राम मात्र स्पष्टपणे वगळला आहे. त्याच्यासाठी त्याच कलमात स्वतंत्र आणि अधिक अरुंद तरतुदी आहेत, आणि त्या कायदेशीररीत्या प्रत जवळ असणाऱ्यालाच उपयोगी पडतात. परिणाम असा होतो की खेळाच्या संहितेला समीक्षेसाठी असलेली ती मुभा नाही, आणि खेळाच्या चित्रफितीला ती आहे असा दावा करता येतो. १९८२च्या त्या अमेरिकन न्यायालयाने चित्रफितीला कृतीचा दर्जा दिला, तो हक्कधारकाच्या सोयीसाठी. तोच तर्क आज अभ्यासकाच्या सोयीचा ठरू शकतो.

संहिता मिळवण्याची वाट किती अरुंद आहे, ह्याचीही नोंद घ्यावी. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज विक्रीस उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी जतन केलेले खेळ संशोधकांना दुरून वापरू द्यावेत ही मागणी तेथील लेखाधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमान्य केली. अशा स्थितीत पुण्यात किंवा नांदेडात बसलेल्या विद्यार्थ्याजवळ बहुधा चित्रफीतच असणार, आणि तीही उद्या असेलच असे नाही.

७

एवढ्या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. आर्केड खेळाच्या अभ्यासात तीन वस्तू वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. चिपमधील मजकूर आणि त्याचे यंत्र ही संहिता, तीही पाठभेदांसह. खेळाडूची खेळी हे वाचन. आणि चित्रफीत ही त्या वाचनाची प्रत, तिच्या स्वतःच्या प्रमादांसह. तिसऱ्या वस्तूवरून पहिलीविषयी विधान करता येते, परंतु मधल्या पायऱ्या दाखवूनच. म्हणून प्रबंधात चित्रफितीचा दुवा पुरेसा नाही. तिची प्रत जपलेली असावी, ती कोणत्या दर्जाची आणि कोणत्या दिवशी घेतली हे नोंदलेले असावे, खेळ मूळ बोर्डवर चालला की एम्युलेटरवर, जीव किती ठेवले होते, हे जेथे कळते तेथे सांगितलेले असावे. आणि ती प्रत परीक्षकाखेरीज कोणाला दिली जाऊ नये. न्याय्य वापराचा दावा करायचा तर त्याची मर्यादाही आपणच पाळली पाहिजे.

हस्तलिखितांच्या बाबतीत आपण हे सारे करतो. प्रत कोठे मिळाली, किती पानांची आहे, कोणती पाने गहाळ आहेत हे सांगितल्याशिवाय पाठाविषयी बोलत नाही. ज्या शिस्तीचा मराठी अभ्यासाला सार्थ अभिमान आहे ती शिस्त नव्या माध्यमाला लावणे, एवढीच ही सूचना आहे.

त्या परीक्षेत विद्यार्थिनीने पुरावा सांभाळला नाही, असे आम्ही परीक्षकांनी नोंदवले. तिने तो कसा सांभाळावा हे आमच्यापैकी कोणी तिला शिकवलेले नव्हते, आणि सांभाळला असता तर तिला पाठीशी घालण्याची आमची तयारी होती की नाही, ह्याचे उत्तर मी तेव्हा दिले नसते. आज मी ते होय असे देतो.